लिफीच्या काठावरील एक घर

देशाटनाने मनुष्यास शहाणपण येते, असे आम्ही पस्तीस वर्षे वर्गात उभे राहून मुलांस सांगत आलो. निबंधाचा तो आमचा हातखंडा विषय. परंतु आमचे स्वतःचे देशाटन म्हणाल, तर उत्तरेस काशी व दक्षिणेस रामेश्वर येथवरच. आणि त्या दोन्ही ठिकाणी आम्ही शहाणपणापेक्षा पुण्यच अधिक शोधले. ते पुण्य फळास आले म्हणा, सेवानिवृत्तीनंतर सहाव्या वर्षी, वयाची चौसष्टी गाठल्यावर, आयर्लंड देशाची राजधानी डब्लिन येथे तीन आठवडे राहण्याचा योग आला.

त्या शहराचे वर्णन वाचकांस सादर करावे, एवढाच प्रथम हेतू होता. लिहावयास बसल्यावर मात्र ध्यानात आले की, आम्ही ज्या कारणाने गेलो ते झाकून नुसते वर्णन केले, तर ते प्रवासवर्णन न होता लबाडी होईल. म्हणून कारण आधी सांगतो.

आमच्या वाईच्या घरात तिघा भावांचा संसार आजही एकाच चुलीवर चालतो. थोरले बंधू कैलासवासी झाले. त्यांचा एकुलता एक मुलगा संगणकाच्या कामानिमित्त डब्लिनला असतो. लहानपणी त्याचे संस्कृत आमच्याजवळ झाले. तीन वर्षांपूर्वी त्याचे आम्हांस पत्र आले. हल्लीच्या काळात हाताने लिहिलेले पत्र म्हणजे अपूर्वाईच. मायना शुद्ध होता: ‘तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.’ अक्षर वळणदार होते. मजकूर मात्र असा की, त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आपण विवाह केला असून, ज्याच्याशी केला तो तेथीलच एक पुरुष आहे. आईस सांगण्याचे धैर्य होत नाही. तुम्ही सांगाल तर बरे होईल.

आम्ही ते पत्र दोनदा वाचले, पाकिटात परत घातले व कपाटात जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली ठेविले. उत्तर लिहिले नाही. वहिनींनी विचारले, ‘काय लिहितो?’ आम्ही म्हणालो, ‘खुशाल आहे.’ त्या आमच्या तोंडाकडे क्षणभर पाहत राहिल्या व आत गेल्या. त्यानंतरच्या तीन गणपतींस मुलगा आला नाही. त्याच्या आधीही दोन चुकलेच होते. घरात कोणी कारण विचारीना, आणि न विचारणे हीच घराची रीत होऊन बसली.

गेल्या वैशाखात त्याने आम्हांस विमानाचे तिकीट धाडले. सोबत एकच ओळ होती: ‘काका, उत्तर नको, तुम्ही या.’

डब्लिन हे शहर फार मोठे नाही. मुंबई पाहिलेल्या मनुष्यास ते टुमदारच वाटेल. लिफी नावाची नदी त्याच्या मधोमध पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत जाऊन समुद्रास मिळते. तिच्यावर लहानमोठे पुष्कळ पूल आहेत. त्यांतील १८१६ साली बांधलेला लोखंडी पादचारी पूल सर्वांचा आवडता; पूर्वी तो ओलांडावयास अर्धा पेनी पडे, म्हणून आजही त्यास हापेनी पूलच म्हणतात. आम्हां कृष्णाकाठच्या माणसांस प्रथम चुकल्यासारखे वाटते ते एवढेच की, या नदीस घाट नाहीत. दोहों बाजूंस दगडी भिंती घालून तिला मध्ये धरिली आहे. पाणी दिसते, पण पाय बुडविता येत नाही. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. तेव्हा सायंसंध्या केव्हा करावी, हा आमच्यापुढे पहिल्याच दिवशी एक शास्त्रार्थ उभा राहिला. पाऊस आमच्याकडच्यासारखा कोसळत नाही. दिवसातून चार वेळा येऊन अंगावर नुसता हात फिरवून जातो. जुन्या वस्तीतील घरे विटांची, एकसारखी. मात्र प्रत्येकाचे दार निराळ्या रंगाचे, पिवळे, तांबडे, निळे. आमच्या पुतण्याचे घर नदीपासून पाव कोसावर आहे. त्याचे दार हिरवे होते, आणि दारावर दोन नावांची पाटी होती. ती पाटी आम्ही वाचली व न वाचल्यासारखे करून आत गेलो.

दार उघडणारा गृहस्थ उंच, तांबूस केसांचा, चाळिशीच्या आतबाहेरचा. त्याने वाकून नमस्कार केला व ‘या काका, बसा’ असे शिकविलेले दोन शब्द म्हटले. आम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणालो. वस्तुतः आशीर्वाद द्यावयाचा असतो. तो तोंडातून निघाला नाही, ही गोष्ट आम्हांस रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवली.

पहिले आठ दिवस आम्ही शहर पाहण्यात घालविले. घरातील प्रश्न टाळण्याचा तो एक सभ्य मार्ग होता. ट्रिनिटी कॉलेजचे ग्रंथालय पाहिले. तेथे ‘बुक ऑफ केल्स’ नावाची बाराशे वर्षांपूर्वीची बायबलची सचित्र हस्तलिखित पोथी जतन करून ठेविली आहे. ओकॉनेल रस्त्यावरील टपालकचेरीही पाहिली. १९१६ च्या ईस्टर सणात याच इमारतीत ठाण मांडून आयरिश देशभक्तांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. इंग्रजांच्या राज्याशी झगडलेला हा देश असल्याने आपल्या मनुष्यास तेथे परके वाटत नाही. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे. ती आयरिश घटना ख्रिस्ती धर्मातील पवित्र त्रयीच्या नामस्मरणाने सुरू होते, आणि तिचे एकेचाळिसावे कलम कुटुंबासंबंधी आहे. कुटुंब हा समाजाचा स्वाभाविक व मूलभूत घटक होय, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून आम्हांस आनंद वाटला. एकत्र कुटुंबात जन्म काढलेल्या मनुष्यास हे कलम मान्य न होण्याचे कारण नाही. परंतु याच कलमावरून पुढे केवढा विचारकलह माजला, ते आम्हांस मागाहून कळले.

एके दिवशी पुतण्या म्हणाला, ‘काका, आज तुम्हांस मेरियन चौकात नेतो.’ हा चौक म्हणजे तीन बाजूंनी जुनी श्रीमंती घरे व मध्ये दाट झाडीचा बाग. बागेच्या एका कोपऱ्यात मोठ्या खडकावर एक पुरुष ऐसपैस रेललेला दिसला. पुतळा रंगीत दगडांचा आहे. अंगरखा हिरव्या पाषाणाचा. चेहऱ्याच्या एका बाजूस हसू आहे व दुसऱ्या बाजूस विषाद. हा नाटककार ऑस्कर वाइल्ड. त्याचा जन्म याच शहरातला, १८५४ सालचा, आणि त्याचे बालपणीचे घर रस्त्याच्या पलीकडेच आहे. ट्रिनिटी कॉलेजात ग्रीक भाषेसाठी त्याने सुवर्णपदक मिळविले होते, हे ऐकून आमच्यातील मास्तर जागा झाला. पुढे लंडनला त्याच्या नाटकांनी कीर्तीचे शिखर गाठले असतानाच १८९५ साली त्याच्यावर खटला झाला. पुरुषांशी संबंध ठेविल्याच्या आरोपावरून त्यास दोन वर्षे सक्तमजुरी मिळाली. सुटल्यावर तो इंग्लंड सोडून गेला व १९०० साली पॅरिस येथे अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारला.

ज्या कायद्याने त्यास शिक्षा झाली तो १८८५ चा. त्याआधी १८६१ पर्यंत विलायतेत पुरुषांमधील समागमास देहान्ताची शिक्षा होती. त्याच सुमारास, १८६० साली, आपल्या दंडसंहितेत इंग्रजांनी ३७७ वे कलम घातले. एकाच हाताने दोन्ही देशांच्या कपाळी हे लिहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. आमच्या धर्मशास्त्राची गोष्ट याहून निराळी आहे, व ती आम्ही पुतण्यास तेथेच बाकावर बसून सांगितली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाच्या अशा वर्तनास एके ठिकाणी जातिभ्रंशकर म्हटले आहे खरे. परंतु प्रायश्चित्त सांगताना सचैल स्नानावर भागविले आहे. कौटिल्य दंड सांगतो, तो पैशाचा. स्त्रियांच्या बाबतीत मनूची शिक्षा अधिक कडक आहे, हेही लपविता येत नाही. वात्स्यायन तर ‘तृतीया प्रकृती’ असा शब्दच योजतो, व तो विषय समाजात असलेली एक गोष्ट म्हणून शांतपणे मांडतो. आमच्या पूर्वजांनी या गोष्टीस वाखाणिले नाही. पण तीपायी कोणास फासावरही चढविले नाही. पुतण्याने सर्व ऐकून घेतले व म्हणाला, ‘काका, सचैल स्नान तर येथे पावसाने रोजच होते.’ आम्हांस हसू आले. तीन वर्षांनंतर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो ते तेव्हाच.

विशेष हे की, इंग्रज १९२२ साली गेले, पण हा कायदा गेला नाही. स्वतंत्र आयर्लंडने तो जपून ठेविला, कारण रोमन कॅथलिक धर्मपीठाचा देशावर मोठा पगडा होता. ट्रिनिटी कॉलेजातील इंग्रजीचे एक अध्यापक डेव्हिड नॉरिस यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात ते तीन विरुद्ध दोन अशा मताने हरले. मग ते स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेले व १९८८ मध्ये जिंकले. तरीही कायदा बदलावयास १९९३ साल उजाडले. मधल्या काळात लोकमत कसे होते, ते एका गोष्टीवरून कळेल. १९८२ च्या सप्टेंबरात डब्लिनच्या फेअरव्ह्यू बागेत डेक्लन फ्लिन नावाच्या तरुणास काही पोरांनी तो समलिंगी असल्याच्या समजुतीने मारहाण करून ठार केले. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्या पोरांच्या शिक्षा तहकूब ठेवून त्यांस घरी पाठविले. त्यावर शेकडो माणसे निषेधार्थ मिरवणुकीने त्या बागेपर्यंत चालत गेली. या देशात या विषयावर मोठ्या संख्येने उघडपणे रस्त्यावर येण्यास आरंभ झाला तो असा, एका प्रेतानंतर.

आणि याच देशाने २०१५ साली काय केले, ते पाहावयास आम्ही डब्लिनच्या किल्ल्यात गेलो. किल्ला म्हणण्यासारखा तट आता थोडाच उरला आहे. बहुतेक भाग प्रशस्त कचेऱ्यांचा. सातशे वर्षे इंग्रजी सत्तेचे हे ठाणे. १६ जानेवारी १९२२ रोजी ते मायकेल कॉलिन्सच्या स्वाधीन झाले. किल्ल्याच्या आवारातील चेस्टर बीटी ग्रंथालयात मोगलकालीन चित्रांच्या सुंदर वह्या आहेत, त्याही पाहिल्या. परंतु आमचे पाय अडखळले ते वरच्या चौकात. २३ मे २०१५ रोजी या फरसबंदीवर हजारो माणसे निकाल ऐकावयास उभी होती.

प्रश्न असा होता की, कायद्यानुसार कोणत्याही दोन व्यक्तींस, स्त्रीपुरुष हा भेद न करिता, विवाह करिता यावा काय? घटनेच्या त्याच एकेचाळिसाव्या कलमात, कुटुंबाच्या कलमात, हे वाक्य घालावयाचे होते. तेथील घटना जनतेच्या कौलावाचून बदलत नाही. त्यापूर्वी शंभर जणांची एक सभा बसविली होती. तीत ६६ साधे नागरिक, ३३ राजकारणी व एक अध्यक्ष. या सभेने सर्व बाजू ऐकून २०१३ मध्ये बदलास अनुकूल शिफारस केली होती. २२ मे रोजी मतदान झाले. शेकडा साठांहून अधिक मतदारांनी मत दिले. होकाराची मते १२ लाख १ हजार ६०७, नकाराची ७ लाख ३४ हजार ३००. म्हणजे शेकडा ६२ विरुद्ध ३८. एकंदर ४३ मतदारसंघांपैकी ४२ नी होकार दिला. सार्वत्रिक मतदानाने समलिंगी विवाहास मान्यता देणारा हा जगातील पहिला देश ठरला. ज्या देशाने घटस्फोटासही १९९५ साली अवघ्या नऊ हजारांच्या मताधिक्याने कशीबशी परवानगी दिली, त्याने वीस वर्षांत हे केले.

नकार देणाऱ्या सात लाखांस अडाणी म्हणून मोडीत काढणे आम्हांस बरे वाटत नाही. मुलास आई व बाप दोन्ही हवेत, विवाहाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तो मतपेटीने बदलू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आणि खरे सांगावयाचे तर डब्लिनला निघताना आमचेही तेच म्हणणे होते. निकालानंतर डब्लिनच्या आर्चबिशपांनीसुद्धा, धर्मपीठाने आता वस्तुस्थिती तपासून पाहिली पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढले. आम्ही त्या चौकात उभे राहून एकच कोडे सोडवू पाहत होतो: इतक्या भाविक लोकांची मते इतक्या लवकर कशी पालटली? कायद्याने? व्याख्यानांनी? वर्तमानपत्रांनी?

त्याचे उत्तर आम्हांस मेयो परगण्यातील एका शेतकरणीने दिले. ही पुतण्याच्या सहचराची आई. आम्ही आल्याचे कळल्यावर ती खास आम्हांस भेटण्यासाठी आगगाडीने आली. लिफीकाठच्या ह्यूस्टन स्थानकावर आम्ही तिघे तिला उतरून घ्यावयास गेलो. वय बाहत्तर, हातात घरच्या लोण्याचा डबा, गळ्यात क्रूस. तिच्या परगण्यात नॉक नावाचे मेरीमातेचे क्षेत्र आहे. १८७९ साली गावकऱ्यांस तेथे मातेचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे, व लाखो यात्रेकरू तेथे जातात. या बाईची दरसालची वारी चुकलेली नाही. ती आमच्याशी सावकाश, सोपे इंग्रजी बोलली, म्हणून आम्हांस सर्व समजले.

ती म्हणाली: ‘मुलाने आम्हांस सांगितले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. माझ्या नवऱ्याने ऐकले आणि गाईंकडे निघून गेला. मग दहा वर्षे त्या गोष्टीविषयी घरात अवाक्षर नाही. मुलगा नाताळास येई, जेवे, जाई. त्या मे महिन्यात मते मागणारी पोरे दारोदार फिरत होती. माझ्या दारी एक मुलगी आली. तिने विचारले, आजी, तुमचा विचार काय? आणि माझ्या तोंडून निघाले, माझा मुलगा तसा आहे. दहा वर्षांत ते वाक्य मी प्रथमच मोठ्याने उच्चारले, तेही एका परक्या पोरीजवळ. आत नवरा बसला होता. त्याने ऐकले. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली व हळूच म्हणाली, माझा भाऊही तसाच होता. लंडनला गेला तो परत आलाच नाही. मग आणखी एक आली. आमच्या गावचे मतदान बावीस तारखेस झाले. माझ्या स्वयंपाकघरातले त्याच्या आधीच झाले होते.’

आम्ही विचारले, ‘आणि यजमानांनी मत काय दिले?’

ती म्हणाली, ‘मतदानाला मला गाडीतून तोच घेऊन गेला. मत काय दिले ते मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. दोन वर्षांनी तो वारला. शेवटच्या आजारात त्याची दाढी मुलगा करी.’

मग तिने आमच्याकडे वळून विचारले, ‘त्याच्या आईला मी केव्हा भेटू?’

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही मनात एक निराळेच कोडे घालीत होतो. ही बाई आमच्या वहिनींची कोण? आमच्या भाषेत नात्यांस काय तोटा! आतेसासूच्या जावेसही आपल्याकडे शब्द आहे. मुलाच्या जोडीदाराच्या आईला आपण काय म्हणतो, हे व्याकरण शिकविणाऱ्या मास्तरास कोणी सांगावयास नको होते. ‘विहीण’ हा शब्द जिभेवर आला, आणि तेथेच थबकला.

त्या रात्री पुतण्यास आम्ही विचारले की, घरातील इतर सर्वांस सोडून तू आम्हांसच का लिहिलेस? तेव्हा त्याने एक जुनी हकीकत सांगितली. वाचकांस ठाऊक असेल की, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील डॉक्टर असून मूळचे आपल्या मालवण तालुक्यातील वराड गावचे. लिओ यांनी १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आकाशवाणीवरून आपण समलिंगी असल्याचे सांगितले. तेव्हा ते आरोग्यमंत्री होते. २०१७ च्या जूनमध्ये ते पंतप्रधान झाले, व २०१९ च्या डिसेंबरात सहकुटुंब वराडला आले असता गावाने त्यांचे थाटात स्वागत केले. २०१७ मधील त्या निवडीच्या दिवशी आमच्या ओसरीवर वर्तमानपत्र हातोहात फिरत होते. ‘आपला कोकणातला माणूस!’ म्हणून सर्वांस अभिमान. पुतण्या नुकताच डब्लिनला गेला होता व फोनवरून हे कौतुक ऐकत होता. तो म्हणाला, ‘मला वाटले, आज सांगून टाकावे. तेवढ्यात एक वाक्य कानी आले: माणूस मोठा खरा, बाकीचे ते त्याचे त्याच्यापाशी. आपल्या घरात असले काही नाही, हे आपले भाग्य. मग मी तुम्हां सर्वांस इकडे पाऊस कसा पडतो ते सांगितले.’

ते वाक्य कोणाचे होते, हे त्याने सांगितले नाही. सांगावयास नको होते. ते आमचे होते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘तरी तुम्हांसच लिहिले, कारण लहानपणी शंका विचारली तर न रागावणारे घरात तुम्हीच होता.’

परतीच्या प्रवासात आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या राजीखुषीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम निष्प्रभ केले. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली, तीत ते कलमच नाही. विवाहाचा प्रश्न मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने कायदेमंडळाचा म्हणून सोडून दिला. पुढे काय व्हावयाचे ते दिल्लीत होईल. आमच्यासारख्या निवृत्त मास्तरास त्यात कोण विचारतो? परंतु मेयोच्या त्या बाईने एक गोष्ट आम्हांस पक्की शिकविली. लोकमत म्हणून जे म्हणतात ते आकाशातून पडत नाही. ते ओसरीवर बोललेल्या वाक्यांचे बनते, आणि त्याहून अधिक, न बोललेल्या वाक्यांचे. आपल्या घरात असले काही नाही, असे प्रत्येक घर म्हणत असते. म्हणून प्रत्येक घरातला तो एक जण आपण एकटाच आहो असे समजतो. कुटुंब हा समाजाचा मूलभूत घटक खराच. पण मग त्याच्या मौनाचा हिशेबही त्यानेच दिला पाहिजे.

घरी पोहोचलो त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर, रामरक्षा झाल्यावर, वहिनी व धाकटे बंधू यांस माजघरात बसवून आम्ही सर्व सांगितले. पत्राचेही सांगितले, तीन वर्षे दडविल्याबद्दल वहिनींची क्षमा मागितली. धाकटे बंधू उठून निघून गेले. आज हे लिहीत असताना त्या गोष्टीस चार महिने झाले. या विषयावर त्यांचे आमच्याशी बोलणे नाही. आम्ही त्यांच्यावर रागावत नाही. आम्हांसही तीन वर्षे लागली.

वहिनी पुष्कळ वेळ हातातील वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला वाटलेच होते. आई आहे मी. पण तुम्ही खुशाल आहे म्हणालात, तेव्हा वाटले, तुम्हांला नको असेल बोलायला.’ म्हणजे तीन वर्षे आम्ही त्यांच्यासाठी गप्प होतो, आणि त्या आमच्यासाठी.

दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारले, ‘ती बाई, त्याची आई, एकटीच राहते का हो?’ आम्ही ‘होय’ म्हणालो. पुन्हा थोड्या वेळाने: ‘तिला तिखट चालते का?’ यंदा आंब्याच्या लोणच्याच्या दोन बरण्या निराळ्या काढून ठेविल्या आहेत. एक डब्लिनची. दुसरी, कमी तिखटाची, मेयोची.

राहता राहिले त्या पत्राचे उत्तर. ते आम्ही परवा लिहिले. मजकूर सहज लिहिला गेला. अडलो ते मायन्याशी. जन्मभर मुलांस पत्रलेखन शिकविले, पण हा मायना कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. एकास ‘चिरंजीव’ लिहून दुसऱ्यास काय लिहावे? दारातल्या त्या नमस्कारावर आमचा आशीर्वाद राहून गेला होता, तो आठवला. मग ध्यानात आले की, नवा शब्द शोधण्याचे कारणच नाही. नव्या जोडप्यास वडीलधाऱ्यांनी लिहावयाचा मायना आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे, आणि त्यात स्त्री किंवा पुरुष असा भेद कोठेच नाही. तोच लिहिला:

‘चिरंजीव उभयतांस अनेक उत्तम आशीर्वाद.’

पाकीट बंद करण्यापूर्वी वहिनींनी ते मागून घेतले व खाली आपल्या हाताने दोन अक्षरे घातली: ‘गणपतीस या.’